गावच्या डॉक्टरीणबाईंची स्मरणिका काढायची तर

मुलाखत घ्यायला बसलात आणि समोरची मावशी म्हणाली, "बाई म्हणजे देवमाणूस हो," की पेन खाली ठेवायचं. चहा घ्यायचा. मग विचारायचं, "मावशी, तुम्हाला टेबलावर घेतलं तेव्हा बाईंचा हात कुठं होता?"

हे मी ठेच लागल्यावर शिकले. पहिल्या अकरा मुलाखतींत मला 'देवमाणूस' नऊ वेळा मिळाला आणि बाई एकदाही मिळाल्या नाहीत. सगळी वही वाचली तरी कळेना, की हे सगळं डॉक्टरबद्दल आहे की कीर्तनकाराबद्दल.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका बाजारगावात बाईंच्या सहा खाटांच्या दवाखान्यात 29 वर्षं सिस्टर होते. बाईंनी 1971 ला दवाखाना उघडला, 2005 ला बंद केला, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये, सगळीकडे पाणी भरलेलं असताना, त्या गेल्या. रस्ते बंद, म्हणून निम्म्या गावांना शेवटचं येताही आलं नाही. त्यातूनच तरुण मंडळाच्या पोरांनी स्मरणिकेचं काढलं आणि माझ्या दारात आले: "सिस्टर, तुम्ही लिवा." बाईंचं नाव मी इथं लिहीत नाही. हा लेख त्यांच्यावर नाही. तुमच्या निपाणीच्या, हुक्केरीच्या, चंदगडच्या बाईंवर तुम्ही लिहायला बसाल तेव्हा उपयोगी पडावा म्हणून आहे. आमच्या गावचे वाचतील त्यांना कळेलच.

तर हाताचा प्रश्न. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "कपाळावर न्हवता काही. पोटावर होता. आणि दुसऱ्या हातात तो भोंगा. कान लावला की खोलीत कुणी बोललेलं चालायचं न्हाई, नुसतं बोट वर करायच्या." तो भोंगा म्हणजे पिनार्डचा फिटोस्कोप. ॲडॉल्फ पिनार्ड या फ्रेंच डॉक्टरनं 1895 च्या सुमारास काढलेला, बाळाचे ठोके ऐकायचा, ना वायर ना बॅटरी. बाईंचा ॲल्युमिनियमचा होता, रुंद तोंडाला एक पोचा आलेला. तो पोचा माझ्या हातून पडल्याचा, हेही स्मरणिकेत आहे. बाई पोटावर रुंद बाजू ठेवायच्या, अरुंद बाजूला कान टेकवायच्या आणि हात काढून घ्यायच्या. हात लागला की आवाजात खरखर येते. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि मोजायचं ते पूर्ण मिनिट. मी एकदा पंधरा सेकंद मोजून चारनं गुणलं, तर म्हणाल्या, "बाळ तुझ्या सोयीनं चुकतंय काय?" मिनिटाला 110 ते 160 च्या आत असले की त्यांचं बोट खाली यायचं आणि खोली परत बोलायला लागायची.

हे एवढं एका प्रश्नातून निघालं. म्हणून प्रश्न असे तयार करा, ज्यांचं उत्तर 'फार चांगल्या होत्या' असं देताच येणार नाही. दवाखान्यात कशातून आलात: बैलगाडी, जीप, दुधाचा टेंपो? बरोबर कोण होतं आणि बाईंनी कुणाला बाहेर काढलं? बाई पहिलं वाक्य काय बोलल्या? बाळ रडेपर्यंत खोलीत काय चाललं होतं? बिल कशात दिलं? या शेवटच्या प्रश्नाला संकोचू नका, लोक खुशाल सांगतात. आमच्याकडे फणस, काजू, भाताचं पोतं, एकदा तर जिवंत कोंबडा आला होता आणि तो वॉर्डात सुटला. बाई बिल घ्यायच्या, बरं का. 'एक पैसा घेतला नाही' हे वाक्य आम्हाला चार जणांनी सांगितलं आणि चौघांच्याही पावत्या निघाल्या. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्या नावापुढं वहीत एक टिंब असायचं, बस. ते टिंब मला माहीत होतं, म्हणून मी लिहू शकले. तुमच्या बाईंच्या कंपाउंडरला, आयाला, रिक्षावाल्याला अशी टिंबं माहीत असतील. नातेवाइकांच्या आधी त्यांना गाठा.

कन्नड बोलणाऱ्या आज्ज्यांकडे जाताना कन्नड येणारं माणूस घेऊन जा आणि त्या बोलतील ते आधी कन्नडमध्येच उतरवा. आमच्यातली एक पोरगी तिथल्या तिथं मराठी करत होती, तर अर्ध्या गोष्टी वाटेत सांडल्या. एका अव्वानं 'कैगुण' म्हटलं, तिनं 'चांगला स्वभाव' लिहिलं. अहो, कैगुण म्हणजे आपला हातगुण! तोच शब्द, फक्त कपडे बदललेले. मग मला हा शब्द दोन्ही भाषांत मोजायची सवयच लागली. लोक 'देवमाणूस' सभेत म्हणतात. 'हातगुण' म्हणताना स्वतःचा तळहात पुढं करून दाखवतात. दाखवायला लागले की समजायचं, आता खरं येतंय.

एक बाळंतीण, दोन नावं, दोन गावं

आता नोंदवह्या. दवाखान्याच्या वह्या मिळाल्या तर नशीब समजा. आमच्या निम्म्या पोटमाळ्यावर होत्या, खानापूरच्या पावसात फुगलेल्या, कडेला कसर लागलेली. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका, उन्हात टाकू नका. सावलीत, पंख्याच्या वाऱ्याला, पानांमध्ये टिपकागद घालून आठवडाभर राहू द्या, मग मऊ ब्रशनं झाडा आणि दिवसाच्या उजेडात मोबाइलनं पानापानाचा फोटो घ्या. फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकायचे नाहीत. त्यात बायकांची नावं आहेत, त्यांच्या खेपा आहेत, काहींच्या घरच्यांनाही ठाऊक नसलेल्या गोष्टी आहेत. गर्भपाताची वही वेगळी असते आणि कायद्यानं ती गोपनीय आहे. ती सापडली तरी उघडू नका, घरच्यांच्या हातात द्या. आमच्यातल्या एका उत्साही पोरानं 'आकडा तरी घेऊ' म्हटलं. नाही म्हणजे नाही.

वही वाचताना गोंधळ नावांचा होतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. त्यामुळं नंदगडच्या मुलीची नोंद कधी वडिलांच्या नावावर, कधी नवऱ्याच्या. पत्ता कधी नंदगड, कधी सासरचं आजरा किंवा सावंतवाडी. दुसऱ्या खेपेला तीच बाई दुसऱ्या नावानं आणि दुसऱ्या पत्त्यानं सापडते. शिवाय चंदगड तालुका महाराष्ट्रात, पण तिथल्या लोकांना कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. बाया इकडंच यायच्या, अजून येतात. सीमा नकाशावर आहे, कळा सुरू झाल्यावर ती कुणाला आठवत नाही. म्हणून मुलाखतीत पहिल्यांदा माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही गावं, आणि कितवी खेप, एवढं विचारूनच वही उघडा.

वहीत इंग्रजी अक्षरांची गर्दी असते, पण घाबरण्यासारखं काही नाही. 'जी' म्हणजे एकूण किती वेळा दिवस गेले, 'पी' म्हणजे किती बाळंतपणं झाली. 'एलएमपी' म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस; त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की तारीख. 'एफटीएनडी' म्हणजे पूर्ण दिवसांचं, सुरळीत बाळंतपण. वजनाच्या रकान्यात अडीच किलोच्या खालचा आकडा दिसला की बाई त्याला लाल खूण करायच्या. ॲपगारचे आकडे दोन असतात, एक बाळ जन्मल्यावर मिनिटानं आणि दुसरा पाच मिनिटांनी, दहापैकी. व्हर्जिनिया ॲपगार या अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ बाईंनी 1953 मध्ये ती पद्धत छापली. बाळाचा रंग, ठोके, प्रतिसाद, स्नायूंचा ताण आणि श्वास, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. आमच्या वहीत एका ठिकाणी पहिला आकडा 2 आणि दुसरा 8 आहे. मधली चार मिनिटं कुठंच लिहिलेली नाहीत. ती मला आठवतात. असा फरक दिसला की त्या दिवशी ड्यूटीवर कोण होतं ते शोधा. सगळ्यात चांगल्या दोन गोष्टी आम्हाला तशाच मिळाल्या.

सरकारी कागद असतील तर तिथं कन्नड येणार. हेरिगे म्हणजे बाळंतपण. बाणंती म्हणजे बाळंतीण, हे तर कानालाच कळतं. अलीकडची तायी कार्डं, म्हणजे गरोदर बायांना मिळणारी सरकारी कार्डं, असतील तर ती घरोघरी जपलेली मिळतात, रेशनकार्डाच्या प्लास्टिकमध्ये.

आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख धरू नका. आमच्या पिढीत आणि पुढच्याही, निम्मं गाव 1 जूनला जन्मलंय! मास्तरांनी बाळ बसवलं बाकावर आणि लिहिली 1 जून. दवाखान्याच्या वहीत त्यातला एक 16 फेब्रुवारी 1980 ला सापडला. ही तारीख मला पाठच आहे, खग्रास ग्रहणाची. कारवार-हुबळीकडून खग्रासचा पट्टा गेला, आपल्याकडंही बराचसा सूर्य झाकला. पोटुश्या बाया घरात अंधारात बसवलेल्या, विळीला हात लावायचा नाही, सुई धरायची नाही. आणि ही एक बाई कळा देत जीपमधून आली, सासू रस्त्यात उतरून परत गेली. बाईंनी खिडकी लावली नाही, म्हणाल्या, "उजेड हाय तेवढा बी घालवू काय?" त्या मुलाला मी वहीतलं पान दाखवलं. वय पंचेचाळीस-सेहेचाळीस झालंय, आता सांगतो सगळ्यांना, मी ग्रहणातला.

तारखा अशाच लावाव्या लागतात. आज्जीला 'कुठल्या साली' विचारू नका. 72 चा दुष्काळ, निपाणीचं तंबाखूचं आंदोलन म्हणजे 1981, इंदिराबाई गेल्या ते 1984, कन्नडसक्तीच्या वेळचा जून म्हणजे 1986, आणि गावची लक्ष्मी यात्रा. ती दरवर्षी नसते म्हणून सगळ्यात कामाची: कुठल्या गावची यात्रा कुठल्या साली झाली ते देवस्थानच्या मंडळींकडून आधीच लिहून घ्या. 'यात्रेच्या आधल्या अमावास्येला' असं म्हणाली, की महिनासुद्धा मिळतो.

आकडा

इथं माझीच चूक सांगते. 2005 ला बाईंचा सत्कार होता, मानपत्र मी लिहिलं. लिहिलं: 'आपल्या हातून पन्नास हजार बाळंतपणे सुखरूप झाली.' टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी मानपत्राच्या पाठीमागं पेन्सिलीनं गणित करून ठेवलं होतं. 34 वर्षं, म्हणजे साधारण 12,400 दिवस, म्हणजे रोज चार. "खाटा किती आपल्या? सहा. बाळंतीण किती दिवस राहायची? तीन. मग बारा खाटा लागल्या असत्या. बाकीच्या सहा जणी कुठं निजवल्यास, तुझ्या घरी?"

तेव्हापासून मानपत्रातल्या आकड्याला मी खाटांनी भागून बघते. तुम्हीही बघा. सगळ्या वह्या असतील तर सगळ्या मोजा; दोन पोरं, आठ रविवार. मधल्या वह्या गहाळ असतील तर प्रत्येक वर्षाचे दोन महिने मोजा, एक पावसाळ्यातला आणि एक उन्हाळ्यातला, कारण लग्नसराईच्या हिशेबानं बाळंतपणं वर्षभर सारखी येत नाहीत. दोन्हींची सरासरी काढून बारानं गुणायचं आणि आकड्याच्या आधी 'सुमारे' लिहायचं, कसं मोजलं तेही तळाला लिहायचं. आमचा आकडा मानपत्रातल्याच्या चौथाईच्या आत आला. मंडळात दोघांचे चेहरे पडले. मी म्हटलं, चौथाईचा असला तरी त्यातली प्रत्येक बाई वहीत आहे.

'पहिली' या शब्दाचंही तेच. 'तालुक्यातल्या पहिल्या लेडी डॉक्टर' असं लिहायच्या आधी शंभर वेळा विचार करा. आनंदीबाई जोशींचीच गोष्ट बघा: 1886 ला फिलाडेल्फियात पदवी, कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक हातात, आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात मृत्यू. कोल्हापूरला रुजू होणं राहूनच गेलं. प्रत्यक्ष बरीच वर्षं बाया तपासल्या त्या रखमाबाईंनी, 1895 पासून सुरतेला. 'पहिली' कशात पहिली ते लिहिता येत नसेल तर शब्द गाळा. बाईंच्या आधी आमच्या गावात सुईण होती, कन्नडवाले सूलगित्ती म्हणतात. बाईंनी तिला हाकललं नाही, साबणानं हात धुवायला शिकवलं आणि अडलेली बाई ओळखायच्या तीन खुणा सांगितल्या. नंतर निम्म्या अवघड केसेस तीच घेऊन यायची. तिला स्मरणिकेत दोन पानं आहेत.

बायकांचे शब्द तसेच ठेवा

लिहिताना दवाखान्याची भाषा करू नका. पाणमोट फुटली, वार अडकली, अंगावरून फार गेलं, झटके आले, बाळ पायाळू होतं. हे शब्द त्यांचे आहेत आणि नेमके आहेत. 'ब्रीच प्रेझेंटेशन' लिहिलंत तर त्या मुलाच्या आजीला कळणारही नाही की तिच्याच नातवाबद्दल आहे, ज्याच्याकडं अजून कंबर धरलेले लोक लाथ मारून घ्यायला येतात.

डॉक्टरी माहिती द्यायची ती अशा शब्दाला धरून द्या. एक काकू सांगत होत्या, तीन वेळा पाचव्या महिन्यात गेलं, चौथ्या खेपेला बाईंनी "पिशवीच्या तोंडाला टाका घातला" आणि मुलगी राहिली. हा टाका शिरोडकरांचा. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर, 1899 चा जन्म, गोव्याकडचे, शालेय शिक्षण हुबळीत, म्हणजे आपल्या शेजारी. पुढं मुंबईला ग्रँट मेडिकलमध्ये शिकले आणि 1955 मध्ये ही शस्त्रक्रिया जगापुढं मांडली. ज्यांच्या गर्भाशयाचं तोंड वेळेआधी सैल होतं त्यांना ते बांधून ठेवायचं आणि दिवस भरत आले की टाका काढायचा. जगभर आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. काकूंना नाव माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, "टाका काढला त्या रात्री मी झोपले न्हाई, वाटलं पडंल." हे वाक्य ठेवा, शिरोडकर त्याच्या खाली दोन ओळींत बसतात.

काळी डायरी

आता सगळ्यात अवघड. बाईंच्या सूनबाईंनी कपाटातून एक काळी डायरी काढून दिली. मी 29 वर्षं तिथं असून ती पाहिली नव्हती. सात पानं लिहिलेली, बाकी कोरी. सात बाया, ज्या वाचल्या नाहीत. तारीख, वय, कितवी खेप, किती वाजता आणली, काय केलं, सगळं इंग्रजीत, बाईंच्या बारीक अक्षरात. आणि प्रत्येक पानाची शेवटची ओळ मराठीत.

मंडळात म्हणाले, शुभ कामात हे कशाला. अध्यक्षांचं म्हणणं मला अगदीच चूक वाटलं नाही, ते बाईंच्या प्रेमापोटीच बोलत होते. पण मी म्हटलं, झाकायचं असतं तर बाईंनी हे जाळलं असतं. ठेवलंय ते कुणीतरी वाचावं म्हणून.

त्यातलं एक पान 1979 च्या जुलैचं आहे. त्या रात्री मी होते. जांबोटीच्या पलीकडचं गाव, तिसरी खेप, बाळ घरी झालेलं, वार अडकलेली. कांबळ्याची डोली करून चौघांनी ओढ्यापर्यंत आणली, तिथून जीप. बाईंनी वार काढली, पोट चोळलं, इंजेक्शनं दिली, सलाइन दोन्ही हातांना लावलं. रक्त कमी होतंय असं आम्हा दोघींनाही वाटलं. फडक्यांत, गादीत, फरशीवर किती गेलं याचा अंदाजच नव्हता. बाहेरून रक्त मागवलं, ते आलं तेव्हा उपयोग नव्हता. असा रक्तस्राव बाईला दोन तासांत नेऊ शकतो, आणि आमच्याकडं आली तेव्हाच त्यातला बराच वेळ डोलीत गेलेला. शेवटची ओळ: 'रक्त डोळ्यांनी मोजलं. चुकलं.'

पुढच्या बाजारी बाईंनी किराणा दुकानातला असतो तसला तराजू आणला. का आणला हे त्यांनी मला सांगितलं नाही. तेव्हापासून आमच्याकडं कोरडी फडकी आधी तोलायची, भिजली की परत तोलायची. जेवढे ग्रॅम जास्त, साधारण तेवढे मिलिलिटर रक्त. 500 च्या पुढं गेलं की हाक मारायची, 'बरी दिसतीय' म्हणून थांबायचं नाही. दुसरं, तालमीतल्या पोरांचे रक्तगट तपासून यादी भिंतीला लागली. ती यादी शेवटपर्यंत होती, नावं बदलत गेली. पहिल्या यादीतला एक पैलवान आज आमचा अध्यक्ष आहे. त्यालाही यादीमागचं कारण डायरी वाचल्यावर कळलं.

तर मृत्यू लिहायचे असतील तर असे लिहा: काय झालं, आणि नंतर दवाखान्यात काय बदललं. बदललेलं काही सापडलं नाही तर नुसतं साल आणि कारण लिहून थांबा, उगाच रडगाणं नको. आणि घरच्यांना विचारल्याशिवाय एक अक्षर नाही. जाताना त्यांच्या नात्यातलं किंवा त्या गावात काम केलेलं एखादं माणूस बरोबर घ्या, सणाच्या तोंडावर जाऊ नका, चहा होईपर्यंत वही काढू नका. सातांपैकी दोन घरांनी नको म्हटलं. ती पानं तशीच झाकली. दोन घरं सापडलीच नाहीत.

जांबोटीकडच्या त्या घरी मी गेले तेव्हा नवरा पडवीत काजू फोडत बसला होता. त्याची मुलगी, तीच ती त्या रात्रीची, माहेरपणाला आली होती. मी डायरीचं शेवटचं वाक्य वाचून दाखवलं. तो बराच वेळ फोडतच राहिला. मग म्हणाला, "आमी समजत होतो, आमालाच उशीर झाला." आणि थोड्या वेळानं, "नाव घाला तिचं. चाळीस वर्सं झाली, कुणी तिचं नाव काडलं न्हाई." नाव स्मरणिकेत आहे. इथं लिहीत नाही, परवानगी स्मरणिकेपुरतीच घेतली होती.

मागं काय राहिलं ते कुठं शोधायचं

इमारत, पुतळा, चौकाचं नाव, यात शोधू नका. बाईंच्या हाताखालून गेलेल्या सिस्टर, एएनएम (खेड्यांत बाळंतपणं बघणाऱ्या सहायक नर्स), आया आज कुठं आहेत त्यांची यादी करा आणि त्यांच्या कामाच्या जागी जाऊन अर्धा दिवस बसा. एक आमची मुलगी आता आरोग्य केंद्रात आहे. अजून ठोके पूर्ण मिनिट मोजते. विचारलं का, तर म्हणते, "सवय." दुसरी, बाळ झालं की, पहिल्यांदा बाळंतिणीला तिचं नाव घेऊन सांगते, मग सासूला. बाईंचा दंडक होता: कळा तिनं दिल्या, बातमी तिला आधी. आणि कुंदा, आपली बेळगावची मिठाई. मुलगा झाला की पेढ्याचा डबा किंवा कुंदा, मुलगी झाली की साखर, असं चालायचं, बाई साखर परत पाठवायच्या आणि डिस्चार्जच्या कागदावर सही करायच्या आधी म्हणायच्या, "माझा कुंदा?" दोन-चार वर्षांत लोक मुलीलाही कुंदा आणायला लागले. आवडीनं आणत होते की सहीच्या भीतीनं, देव जाणे.

तुमच्या बाईंचं काम आजूबाजूच्या मोठ्या कामाशी कुठं जुळतं तेही बघा, पण ओढून ताणून जोडू नका. 2002 ते 2005 या काळात आपल्या बेळगाव जिल्ह्यात जेएनएमसी या बेळगावच्या मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास केला. खेड्यांतल्या 1620 बाळंतिणी. निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर रक्तस्राव रोखायच्या मिसोप्रोस्टॉल या औषधाच्या 600 मायक्रोग्रॅमच्या गोळ्या, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधाच्या. देणाऱ्या आमच्यासारख्याच एएनएम. ही गोळी फ्रिजशिवाय टिकते, त्याच कामाच्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनला थंडावा लागतो. लोडशेडिंगच्या गावात हा फरक केवढा, ते वेगळं सांगायला नको. जास्त रक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. 2006 ला 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं या कामासाठी ती गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली.

त्या अभ्यासात रक्त मोजायला एक प्लास्टिकची चादर होती. बाळंतिणीखाली पसरायची, खाली नरसाळ्यासारखी पिशवी, तिच्यावर मापाच्या रेघा. इथंच बेळगावात ती वापरून पारखली. पुढं 2023 मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांतल्या 80 इस्पितळांचा अभ्यास आला: तशाच मापाच्या चादरीनं वेळेत ओळखायचं आणि उपचार सगळे एकदम सुरू करायचे, एवढ्यानं गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी घटले. बाईंचा आणि या अभ्यासांचा काही संबंध नाही. त्यांचा तराजू कुणाला माहीतही नव्हता. तो संबंध आहे असं सुचवणारं एक वाक्य मंडळातल्या एकानं घातलं होतं, ते मी खोडलं. तराजूचा फोटो एका पानावर, चादरीची माहिती समोरच्या पानावर, एवढंच केलं.

छपाईचं थोडक्यात. मराठी मजकूर आणि कन्नडमध्ये मिळालेल्या मुलाखती कन्नडमध्येच, शेजारी मराठी. दोन मुद्रितशोधक लागतील. आमच्या मुद्रितात एका ठिकाणी 'वार'चं 'वारा' झालं होतं आणि वारा अडकला होता. जाहिराती घ्या, पण औषधांच्या नको. वस्तूंचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा. एक प्रत बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयात द्या. 1848 पासून चालू आहे, आपल्यापेक्षा जास्त टिकेल. एक तालुक्याच्या वाचनालयात, एक ज्यांनी नाव घालायला परवानगी दिली त्या प्रत्येक घरी, ती पोस्टानं नाही, हातानं.

शेवटी कोरी पानं सोडा, लोकांना लिहायला. आम्ही दोन सोडली होती. वाचनालयातल्या प्रतीची दोन्ही आठवड्यात भरली, आता मागच्या पुठ्ठ्याच्या आत लिहायला लागलेत. तुम्ही आठ तरी सोडा.